मुराळ्यांची गाडी

एका गावात दोन भाऊ होते आणि दोघांत मिळून एक गाडी होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं भांडखोर आहेत आणि त्यांच्याकडे वेळही भरपूर आहे. थोरल्याचं नाव सर्जेराव, धाकट्याचं रणधीर. दोघांतला जास्त मूर्ख कोण, हे अजून ठरलेलं नाही. थोरला पुढे गेला असं वाटतं तोवर धाकटा त्याला गाठतो.

आधी गाडी कशी आली ते सांगायला हवं, कारण दोघे भाऊ नेमकं तेच विसरले. त्यांचे वडील, म्हणजे आबा, वारले. मग हमरस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा विकून गाडी घ्यायचं ठरलं. त्या तुकड्यात बहिणीचाही वाटा होता. बहीण शालन, दोघांच्या मधली, घाटापलीकडच्या चिंचखोरीला दिलेली. सही करायला ती तालुक्याला आली. भावांनी घाबरत घाबरत कागद पुढे सरकवला. तिने तो वाचलासुद्धा नाही. सही केली आणि पेन परत दिलं.

"मला पैसं नकोत, जमीनबी नको," ती म्हणाली. "तुमी गाडी घेणार हाय न्हवं? मग दर पंचमीला मला न्यायला या. आबा येत हुतं तसं. बास, एवढंच."

एवढंच! बहिणीने वाटा सोडला आणि बदल्यात काय मागितलं, तर नागपंचमीला मुराळी. सासरी असलेल्या पोरीला सणासाठी माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. तिकडच्या भागात पंचमीला हा मान फार मोठा. ज्या सुनेच्या दारात मुराळी येतो ती ताठ मानेने पिशवी उचलते. जिच्या दारात येत नाही ती दिवसभर चुलीपुढे बसते आणि धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं असं सांगते. आबा गेले त्या वर्षी शालनला न्यायला कुणी आलं नव्हतं. एका भावाची शेतात भांगलण चालू होती आणि दुसऱ्याला एसटी लागत होती. तिची सासू चारचौघींत म्हणाली होती, "हिचं माहेर म्हाताऱ्यासंगं गेलं वाटतं." हे शालनने भावांना कधी सांगितलं नाही. आईला मात्र कळलं होतं.

तर त्या दिवशी दोघांनी शब्द दिला. सर्जेरावाने डोळे पुसले. रणधीर म्हणाला, "आक्का, च्या निवायच्या आत घरी आणतो तुला." बहीण हसली आणि एसटीने परत गेली.

मग गाडी आली. पांढरी शुभ्र, नवी कोरी. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सर्जेरावाच्या ओळखीचा एक माणूस तालुक्याला जुन्या गाड्यांची दलाली करायचा. पेढा तोंडात टाकता टाकता तो म्हणाला, "सर्जेराव, गाडी जपा बरं का. जपल्याली किंमत इकताना कळती." त्याने पेढा गिळला, हात झटकले आणि तो निघून गेला. त्याचं वाक्य सर्जेरावाच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. गाडी घरात येऊन एक रात्र झाली नव्हती आणि हा माणूस ती विकायच्या तयारीला लागला.

सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असा त्याने पहिला हुकूम काढला. उन्हाळ्यात त्या प्लॅस्टिकला पाठ चिकटायची. उठताना टर्रकन आवाज व्हायचा. तरी काढायचं नाही. गाडीत खायचं नाही. गाडीत पाणीसुद्धा प्यायचं नाही. शेताच्या रस्त्याने न्यायची नाही, कारण उसाची पाती घासतात. फार चालवायची नाही, कारण आत तो किलोमीटरचा आकडा वाढतो आणि गिऱ्हाईक पहिला तोच बघतं. हे गिऱ्हाईक कोण, कुठलं, कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण घरात त्याचा दरारा सासऱ्यासारखा होता. एकदा आई गाडीत बसायला गेली तर सर्जेरावाने तिला दारातच अडवलं.

"आई, डोक्याला त्याल लावून बसू नगं. सीटवर डाग पडतोय. गिऱ्हाईक इचारतंय."

"आरं मुडद्या, गिऱ्हाईक गाडी घेणार हाय का माझं डोस्कं हुंगणार हाय?" आई म्हणाली. पण आत टाकलेला पाय काढून ती खाली उतरली. म्हाताऱ्या आया उतरतात, हाच तर घोळ आहे.

सर्जेरावाची बायको मंदा. तिने दाराला बांगडी लागली म्हणून बोलणी खाल्ली होती. ती एक दिवस म्हणाली, "ह्या तुमच्या गिऱ्हाइकाच्या वाटच्या भाकरी पण थापू का रोज? घरात ऱ्हातंयच की ते." सर्जेराव हसला नाही. त्याला गाडीला फडकं मारायचं होतं.

आता धाकट्याचं ऐका. थोरल्याचं ऐकून कुणाला वाटेल की धाकटा तरी शहाणा असेल. अजिबात नाही. रणधीर दिवसभर मोबाइलवर गाड्या पळतानाची चित्रं बघायचा. त्याचं म्हणणं असं, की कंपनी गाडीला मुद्दाम बांधून ठेवते. तिच्या अंगात खरी ताकद वेगळीच असते. ती आपण मोकळी करायची. गाडी त्याचीही निम्मी होती. त्यामुळे तो आपल्या निम्म्या हक्काने ताकद मोकळी करू लागला.

आधी सायलेन्सर बदलला. नव्या सायलेन्सरचा आवाज असा, की शेजारच्या म्हशीने आठवडाभर दूध चोरलं. मग रुंद टायर आले. मग तालुक्याहून एक माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने इंजिनाला काहीतरी जोडलं. रणधीर म्हणाला, "आता बघा पिकअप." शेवटी त्याने स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. आता ती रस्त्याला पोट टेकून चालायची. म्हणे वळणावर पकड येते.

पण पळवायची कुठे? त्या गावात प्रत्येकाने आपापल्या दारापुढे गतिरोधक घातलेला. सरपंचाने एक घातला, मग त्याच्याशी न बोलणाऱ्या भावकीने त्याहून उंच घातला. खाली बसवलेली गाडी सरळ नेली की पोट घासायचं. म्हणून रणधीर प्रत्येक उंचवट्यावर गाडी तिरकी करायचा आणि एकेक चाक मुंगीच्या पावलांनी वर चढवायचा. मागून येणारी बैलगाडी बाजूने निघून जायची. गाडीवान वळून बघायचा आणि मान हलवायचा. गावातली सगळ्यात वेगवान गाडी गावातल्या सगळ्या वाहनांच्या मागे असायची. ह्याचं रणधीरला काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, "हायवेला बघा मग." हायवेला न्यायला थोरला सोडायचा नाही, कारण आकडा वाढतो.

मग रोजची कुस्ती सुरू झाली. रणधीरने बसवलेली वस्तू सर्जेराव काढायचा आणि कंपनीची परत बसवायचा. रणधीर ती काढायचा आणि आपली बसवायचा. निघालेल्या कंपनीच्या वस्तू सर्जेराव जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. विकताना सगळं जसंच्या तसं दाखवता आलं पाहिजे ना! माळ्यावर कांदे ठेवायला जागा उरली नाही. गाडी रस्त्यावर कमी आणि जॅकवर जास्त दिसू लागली. येणारा जाणारा विचारायचा, "काय वो, गाडी आजारी हाय का?"

आई पायरीवर बसून हे बघायची. तिने किती वेळा सांगितलं. "आरं, ती पोरीला आणायला घेतलीया. तेवढं ध्येनात ठिवा म्हंजे झालं." दोघेही म्हणायचे, "व्हय, आई." म्हणायला काय जातं.

श्रावण आला. आईने अंगणातल्या लिंबाला झोका बांधून घेतला. ज्वारीच्या लाह्या फोडून ठेवल्या. शालनला हिरव्या बांगड्या आवडतात म्हणून कासाराला थांबवून भरायला घेतल्या. शालनचा फोन आला. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

"दादा, सासूबाई जा म्हणाल्यात. पिशवी भरून ठेवलीया. उद्या भावाचा उपास. मी तोंडात काय घालणार न्हाई, तुमी आला की तुमच्यासंगंच फराळ करीन. लवकर या."

पंचमीच्या आदल्या दिवशी तिकडे बायका भावासाठी उपवास धरतात. भावाला आयुष्य मिळावं, त्याचं भलं व्हावं म्हणून. इकडे भावांनी त्या दिवशी काय केलं, ते सांगताना माझं डोकं फिरतं, तरी सांगतो.

सकाळीच सर्जेराव म्हणाला, "घाटात काम चालूय. जिकडंतिकडं खडी. ह्या खाली बसवल्याल्या गाडीनं मी येणार न्हाई. कंपनीच्या स्प्रिंगा घाल."

रणधीर म्हणाला, "कंपनीच्या स्प्रिंगांवर गाडी वळणाला डुलती. मी चालवणार न्हाई."

"मग मी चालवतो."

"तू चालवलीस तर दसऱ्याला पोचू."

दुपार झाली तरी ह्यांचं संपेना. चिंचखोरीला एक बाई उपाशीपोटी वाट बघत होती आणि इथे स्प्रिंगांवर खल चालला होता. शेवटी दोघांनी तडजोड केली. ती तडजोड ऐकून कपाळावर हात मारून घ्याल. पुढच्या दोन स्प्रिंगा कंपनीच्या आणि मागच्या दोन रणधीरच्या! मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, हात जोडले आणि सांगितलं तसं केलं. गाडी पुढून वर आणि मागून खाली अशी उभी राहिली. जणू ढेकर द्यायला मान वर केली आहे.

आई पिशवी घेऊन दारात आली. "मीबी येते. पोरगीला बगून लई दिस झालं."

सर्जेराव घुटमळला. "आई, घाटात तुला मळमळतंय. गाडीत काय झालं मंजी..."

आईने पिशवी खाली ठेवली. "जा मग लवकर," ती म्हणाली. "पोरगी उपाशी हाय."

निघाले एकदाचे. घाटाच्या पायथ्यापर्यंत सर्जेराव चालवत होता. प्रत्येक डबक्यापाशी तो गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, काठीने पाणी किती खोल आहे ते बघायचा आणि मग पुढे न्यायचा. मागून भरलेली एसटी आली आणि भोंगा वाजवत पुढे गेली. तिच्या खिडक्यांतून बायका बाहेर डोकावत होत्या. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या केसांत फुलं, आणि शेजारी पिशव्या सांभाळत बसलेले त्यांचे भाऊ. सगळ्या गावांच्या मुराळ्यांची ये-जा चालू होती. त्यातल्या एकाकडेही स्वतःची गाडी नव्हती, म्हणून ते वेळेवर पोचत होते.

घाट लागल्यावर रणधीरने चाक हातात घेतलं. त्याला ताकद दाखवायची होती. ओढ्यावरच्या फरशी-पुलावरून त्याने गाडी जोरात काढली आणि खालून काहीतरी आपटल्याचा मोठा आवाज झाला. सर्जेराव ओरडला, जणू त्याचंच हाड मोडलं. तरी रणधीरने गाडी रेटत शेवटच्या वळणापर्यंत नेली आणि तिथे थांबवली.

त्या वळणावरून चिंचखोरी सगळी दिसते. खाली दरीत घरांची कौलं, शाळेचं पत्र्याचं छप्पर, चुलींचा धूर. शालनचं घर तर अगदी कडेला, ओटा आणि ओट्यावरची तुळस ओळखू यावी इतकं जवळ. पण दोघांनी तिकडे बघितलंच नाही. पोतं अंथरून दोघे गाडीखाली शिरले. बराच वेळ फक्त चार पाय बाहेर दिसत होते. बाहेर आल्यावर सर्जेराव म्हणाला, "खालनं वरखडलीया. बंपरबी हललाय." रणधीर म्हणाला, "माझा सायलेन्सर चेपला." मग दोघांनी खाली जाणारा रस्ता बघितला. तांबडा चिखल, त्यात टेम्पोच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या.

"हितनं खाली गेलो तर बंपर जातोय," सर्जेराव म्हणाला. "मग गिऱ्हाईक ॲक्सिडेंटची गाडी म्हणतंय."

"आन सायलेन्सर पार निघतोय," रणधीर म्हणाला. "पुन्हा तसला मिळायचा न्हाई."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गाडी घेतल्यापासून ज्या दोघांचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं, त्यांचं तिथे, त्या वळणावर, एकमत झालं. परत फिरायचं! पंचमी काय, दरवर्षी येते. बंपर एकदा गेला की गेला.

अरे बाबांनो, पाय! देवाने दोघांना दोन-दोन धडधाकट पाय दिले होते! गाडी तिथेच उभी करून चालत उतरले असते तर शालनच्या ओट्यावर पोचले असते. ह्याच वळणावर आबा एसटीतून उतरायचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचायचे, चपला हातात घ्यायचे आणि ह्याच चिखलातून खाली जायचे. तेही नको. नुसता भोंगा वाजवला असता तरी ती धावत वर आली असती, पिशवी डोक्यावर घेऊन, दोन पोरं हाताला धरून, अनवाणी. पण गाडी घेतल्यापासून ह्या दोघांना वाटू लागलं होतं, की जिथे गाडी जात नाही तिथे माणसाने जायचं नसतं.

गाडी वळवायलाही बराच वेळ गेला. वळण अरुंद, आणि सर्जेराव मागे उभा राहून एकेक वीत मोजत होता. "येऊ दे, येऊ दे... बास, बास! दगूड हाय!" दगडाला गाडी लागली नाही. घाट उतरून खाली आल्यावर त्याने शालनला फोन लावला.

"शालन, आगं काय सांगू, रस्ता लई खराब. आमी निगालो हुतो, पर मधनंच माघारी फिरावं लागलं. पुढल्या खेपंला नक्की..."



"दादा, वळणावर गाडी हुबी ऱ्हायली तवा मी वट्यावरच हुते," शालन म्हणाली. "सकाळपास्नं तितंच हुते. पांढरी गाडी दिसली आन मी सासूबाईंला हाक मारली. म्हणलं, आलं बगा माझं भाऊ. पोरांच्या अंगात नवी कापडं घातली. सगळी बाहेर येऊन बगत हुतो. तुमी खाली वाकून काय करत हुता ते काय दिसंना. मग गाडी वळली."

"आगं, ते..."

"गाडीला काय झालं न्हाई न्हवं, दादा?"

"न्हाई. जरा वरखडलीया खालनं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

ती चिडली असती, रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने गाडीची चौकशी केली. अशा बहिणी असतात आणि त्यांना असले भाऊ मिळतात, हे बघून देवावर सुद्धा वैताग येतो.

घरी आल्यावर आईला सगळं कळलं. ती ओरडली नाही. तिने त्या दोघांना जेवायला वाढलं आणि स्वतः न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली. सकाळी, पंचमीच्या दिवशी, भाऊ उठले तेव्हा आई घरात नव्हती. पुरणाची दिंडं फडक्यात बांधून, लाह्या आणि बांगड्या घेऊन ती पहिल्या एसटीने गेली होती. वळणावर उतरून, कुणाचा तरी हात धरून, घसरत घसरत ती त्या चिखलातून खाली गेली. जे काम दोन पोरांना गाडी असून जमलं नाही, ते तिने दुखऱ्या गुडघ्यांनी केलं.

अंगणात झोका रिकामाच होता. सर्जेराव नेहमीप्रमाणे गाडीवर फडकं मारायला गेला. आता मंदाचा बांध फुटला.

"पुसा, पुसा! अजून जल्माला न आल्याल्या गिऱ्हाइकापायी सख्ख्या भैनीकडं न जाता वळणावरनं माघारी आलासा. तिनं सही केली नसती तर ही गाडी तरी आली असती का दारात? आन भावजी, तुमी! पळवायची हुती न्हवं? मग कुटं पळाला तुमी? भैनीपास्नं लांबच पळाला की!"

दोघांच्या माना खाली गेल्या. बहिणीने वाटा सोडला होता आणि बदल्यात वर्षातून एकदा आपल्याला मागितलं होतं, हे दोघांना त्या क्षणी आठवलं. सर्जेरावाच्या हातातून फडकं गळून पडलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मंदाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी दोघे निघाले. ह्या वेळी कुणी डबक्यात काठी घातली नाही. वळणावर कुणी थांबलं नाही. गाडी चिखलातून खाली उतरली आणि आश्चर्य असं, की काहीही झालं नाही. बंपर जागेवर राहिला. सायलेन्सर जागेवर राहिला. काचांपर्यंत चिखल उडाला, एवढंच. दुधाचा टेम्पो रोज त्याच रस्त्याने ये-जा करतो, ते काही जादूने नव्हे.

शालनने पायावर घ्यायला पाणी दिलं. चहा केला. रणधीरला चहात साखर जास्त लागते, ती तिने न विचारता घातली. आई आत पोरांना गोष्ट सांगत होती. ती बाहेर आली नाही. टोमणे मारणारी ती सासू, तीसुद्धा मऊ आवाजात म्हणाली, "जा गं, चार दिस ऱ्हाऊन ये. भाऊ आल्यात." टोमण्यांपेक्षा ती कीव ऐकायला फार वाईट होती.

"चल, शालन," सर्जेराव म्हणाला. "चुकलं आमचं. पिशवी घे."

"सण झाला, दादा," शालन म्हणाली. "पिशवी मोकळी केली मी."

"आक्का, पाया पडतो तुझ्या," रणधीर म्हणाला. "पुढल्या साली चालत येतो. गाडी आणतच न्हाई."

"ये की. घर तुमचंच हाय. येशील तवा भाकरी तयार असंल." तिने पदराने हात पुसले. "उपासबी मी दरसाली धरीन. भावाचा उपास मोडत न्हाईत. पर वाट न्हाई बगायची मी आता. वट्यावर हुबं ऱ्हाऊन त्या वळणाकडं एकदा बगितलं. पुन्हा न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

ती रागाने बोलली नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात बोलली. 'ये' म्हणाली. 'येईन' काही म्हणाली नाही. दोघा भावांना ते कळलं आणि दोघे ओट्यावर बसून पोरांसारखे रडले. मग चहाचे कप खाली ठेवून उठले, गाडीत बसले आणि घाट चढून घरी गेले. मागच्या सीटवर कुणी नव्हतं, आईसुद्धा.

तात्पर्य: गाडी किती पळेल आणि विकताना किती येतील ह्याचा घोर नंतर करा, ती ज्या माणसासाठी घेतली त्याच्या दारात आधी वेळेवर नेऊन उभी करा. ज्याने वाट बघणं सोडलं, त्याला परत आणणारी गाडी अजून कुणी बनवलेली नाही.